मिरच्या जोखताना डोललेली तागडी

“लय शांत लेकरू बरं नसते वो शालू. लेकीकडं पाहत जाय,” पार्वताबाईंनी सुनेला बजावलं होतं. सुनेनं ते हसण्यावारी नेलं. “आत्याबाई, ती अंतर्मुख आहे. स्वभावच आहे तिचा.”

मित्रांनो, हे बोलणं झालं तेव्हा मी त्या दोघींच्या मागे खुंटीला टांगलेली होते. मी एक जुनी पितळी तागडी आहे. अकोल्याच्या एका तांबटानं मला घडवलं. दोन्ही पारडी ठोकून ठोकून त्यानं सारख्या वजनाची केली, आणि दांडी जराही कलेना तेव्हाच मला विकायला ठेवलं. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मला घेतलं उत्तमरावांनी. मूर्तिजापूरबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कागदी लिंबांची काटेरी झाडं. गिऱ्हाइकं फाटकाशी येत, मला पाहत आणि निर्धास्त होत. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, लपवत नाही.

शालू ही उत्तमरावांची बायको. अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकून आलेली. मिरच्यांत निंदताना ती नणंदेला, तानुबाईला, माणसाचा स्वभाव कसा घडतो ते सांगे. “जुने वैद्य म्हणत, अंगातल्या रसांवर स्वभाव ठरतो. आपलं कफ, वात, पित्त आहे ना, तसंच. आता एक विद्वान म्हणतो, काही माणसं जन्मतःच आत वळलेली असतात, काही बाहेर. दुसरा म्हणतो, बालपणी मनात जे दडपलं जातं तेच पुढे डोकं वर काढतं. तिसरा म्हणतो, छे, सगळा सवयीचा खेळ.”

“अन् आमच्या दादाचा राग कोन्या विद्वानाच्या वाट्याले आला वो वयनी?” तानुबाई विचारी, आणि दोघी खुरपी टाकून हसत.

शालूची लेक कौशल्या. तिच्या उष्टावणाला, म्हणजे पहिला घास भरवायच्या दिवशी, रीतीप्रमाणे तिच्यापुढे पाटी, बांगडी, खुरपं आणि मी, असं मांडलं होतं. बाळ ज्याला हात लावील तसा त्याचा स्वभाव, असं घरात मानत. कौशल्यानं माझ्या पारड्यावर हात ठेवला आणि हललीच नाही. “तागडीवानी शांत हाय वो पोरगी!” पाहुणे म्हणाले. झालं, तोच तिचा शिक्का. पडली आणि रडली नाही की शाबासकी. खेळणं हिसकलं आणि ओरडली नाही की शाबासकी. शालू तशी फार जपणारी. पोर जेवली का, कुठं गेली, सारखं बघे. पण कौशल्या गप्प बसलेली दिसली की तिचा जीव निवांत होई.

जरा मोठी झाल्यावर पावशेर मिरच्या कौशल्या स्वतः जोखू लागली. एका सकाळी केशवराव नावाचं गिऱ्हाईक खवचटपणे म्हणालं, “काय वो कौशाबाई, तागडी नाचून राहिली! मिरच्या देता का तमाशा दाखवता?”

इतका अपमान मी कधी सोसला नव्हता. दांडी खरंच डोलत होती. पण दोष माझ्यात नव्हता, मित्रांनो. मला धरलेली मूठच हलत होती, कारण पोर एका पायावर उभी होती.

शालू मला सावरायला धावली आणि तिची नजर खाली गेली. टाच सुजून टम्म. लिंबाचा काटा आत मोडून पू झाला होता, विष पसरल्याची लाल रेघ घोट्याच्या वर चढली होती. उत्तमरावांनी दमणी जुंपली, बैल पळवले. घाईत पोरीच्या मुठीतून मला कुणी सोडवलंच नाही, म्हणून मीही दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी टाच चिरली. “पाय राहील की नाही, ते आत्ताच सांगत नाही,” म्हणाले.

“मला सांगितलं का नाहीस गं?” शालूनं तिच्याजवळ वाकून विचारलं.

“मी तं शांत हाओ ना आई. सगळे म्हनतेत.”

रेघ हळूहळू उतरली. पाय राहिला. घरी परतल्यावर शालू सासूला म्हणाली, “मी एकाच विद्वानाला धरून बसले, आत्याबाई. हा स्वभाव नव्हताच. शाबासकी देऊन देऊन आपणच लावलेली सवय होती ही. लावलेली सवय मोडताही येते.”

“मग मोड,” पार्वताबाई एवढंच म्हणाल्या.

मग त्या घरात एक नवलच सुरू झालं. दिवेलागणीला कौशल्यानं एक तक्रार करायची आणि गुळाचा खडा घ्यायचा. कितीतरी संध्याकाळी गूळ डब्यातच राहिला. शेवटी एकदा ती पुटपुटली, “वांग्याची भाजी खारट हाय.” शालूनं तिला उचलून घेतलं.

“पाह्य वो माय!” तानुबाई म्हणाली. “लोकं पोराईले चूप राह्यले शिकवतेत, आमची वयनी कुरकुर करायले शिकवून राहिली!”

“गूळ भेटत असन तं भाजीची तक्रार मले बी हाय,” उत्तमराव म्हणाले.

पुढे एकदा फाटकाशी गर्दी होती. मी कौशल्याच्या हातात होते. ती एकदम कडाडली, “केशवराव, सरकून उभे राहा! माह्या पायावर पाय देऊन राहिले तुमी!” केशवराव दचकून मागे झाले. माझी दांडी मात्र केसभर हलली नाही. आजवर हजारो पारडी भाजी मी जोखली असेल, पण त्या दिवसाएवढी ताठ मी कधी उभी राहिले नाही.

आता घरात नवी लोखंडी तागडी आली आहे. माझ्या पितळेवर हिरवट डाग पडलेत. कुणी चिंच लावून घासलं तर मला आवडेल, पण त्याची घाई नाही. घाई दुसऱ्या कामाची आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी एखादं कधीच काही न मागणारं, सगळ्यांनी गुणी म्हटलेलं पोर असेल. हे वाचून झालं की उठा, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, “काय दुखतंय?” ते म्हणेल, “काही नाही.” तिथून उठू नका. थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.