चुगलखोर ग्लोव्ह

मी बेसबॉलचा ग्लोव्ह बोलतोय, डाव्या हाताचा. डाव्याचं ऐकतंय कोण म्हणा, टाळ्या सगळ्या उजव्याला. पण चेंडू फेकण्याआधी पिचर त्यावर बोटं कशी बसवतो, ते माझ्या पोटात ठरतं. समोरच्या फलंदाजाला ते दिसू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

आयोवातल्या एका छोट्या गावात रॉस्कोनं मला विकत घेतलं. तो धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याचा मुलगा वेंडेल त्या वर्षी कॉलेजच्या संघात आला होता. मी तेव्हा फळीसारखा ताठ. रॉस्कोनं मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून पट्ट्यानं आवळलं आणि आठवडाभर स्वतःच्या गादीखाली ठेवलं.

"बाबा, पाठ मोडेल तुझी," वेंडेल म्हणाला.

"मोडू दे. ग्लोव्ह मऊ झाला पाहिजे."

झालो मऊ. कॉलेजात वेंडेलचं नाव झालं ते संथ चेंडूमुळे. हाताचा झटका वेगवान चेंडूचाच, पण चेंडू रेंगाळत यायचा आणि फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा. हा चेंडू त्याला रॉस्कोनंच कोठारामागे शिकवला होता. त्याच्याच जोरावर एका मोठ्या संघानं त्याला निवडलं आणि आधी तयारीसाठी खालच्या लीगमध्ये धाडलं.

तिथं पाच वर्षं गेली. दहा-दहा तास बस आणि पीनट बटरचे सँडविच. सकाळी लॉकरवर असलेली नावाची पट्टी संध्याकाळी नसायची. कोणी वर गेलेला, कोणी कायमचा घरी. वेंडेलनं मैत्री करणंच सोडलं. आमच्यात पिचर तोंडावर ग्लोव्ह धरून बोलतात, ओठ कोणी वाचू नयेत म्हणून. लोकांना वाटायचं हा कॅचरला, म्हणजे समोर चेंडू झेलणाऱ्या गड्याला, काही सांगतोय. कसलं काय, दर डावाआधी तो माझ्या कातड्यात पुटपुटायचा, "बाबा, बघतोयस ना?" मला फार वाईट वाटायचं.

सत्ताविसाव्या वर्षी मोठ्या लीगचं बोलावणं आलं. तिथं त्याला दोन नवे ग्लोव्ह फुकट मिळाले. त्यानं ते खोक्यातच ठेवले आणि मला घातलं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पहिले दोन सामने छान गेले. मग प्रत्येक संथ चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडायला लागला. मॅनेजर म्हणाला, "पुढच्या वेळी असंच झालं तर बॅग भर. परत खाली."

त्याच दिवशी रॉस्कोचा फोन आला. "वेंडेल, तुझा ग्लोव्ह चुगली करतोय."

"काय?"

"संथ चेंडूसाठी तू बोटं खोल घालतोस, तेव्हा तो पसरतो. एरवी मिटलेला असतो. मला टीव्हीवर दिसलं, फलंदाजांना दिसणार नाही होय?"

वेंडेलनं मला हातात घेऊन उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "तूच मऊ केलास ना त्याला."

"मीच केला. म्हणून तर सांगतोय. ताठ ग्लोव्ह घे, लेका."

ज्याच्यासाठी जन्म काढला, त्याचीच चुगली केली मी. तीही नकळत. पुढच्या सामन्यात मी लॉकरमध्ये पडून लोकांचा आरडाओरडा ऐकत होतो. नऊ फलंदाजांना त्यानं बॅट हवेत फिरवायला लावून परत पाठवलं. त्याची जागा पक्की झाली. आठवड्यानं मी पार्सलमधून गावी आलो, सोबत चिठ्ठी: "सांभाळ."

त्याला तीन वर्षं झाली. वेंडेलची आई केव्हाच गेली. मोसम संपला की वेंडेल ऍरिझोनात सरावाला जातो, घरी येणं होत नाही. रॉस्को टीव्हीसमोर एकटाच सूप पितो आणि वेंडेलचा सामना असला की मला हातात घालतो. पडद्यावर वेंडेल नवा ग्लोव्ह तोंडावर धरतो. रॉस्को दरवेळी पुटपुटतो, "काय सांगत असेल कॅचरला, कोण जाणे."

मला माहीत आहे. नको होती तेव्हा तोंड नसतानाही चुगली झाली, आणि आता करायची आहे तर होत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या गावाकडे गेलंच, तर रॉस्कोला एवढं सांगा: तो कॅचरशी बोलत नाहीये.