दारात अडकलेल्या सभ्य गाड्या

बर्फखान्याचं दार बोटभर उघडलं, थरथरलं आणि पुन्हा मिटलं. प्रोग्रामर आतच अडकला. "दोन मिनिटांचं काम" म्हणून गडी नुसत्या शर्टावर आत शिरला होता. आता दात वाजत होते आणि दाराची आतली मूठ बर्फानं जाम झाली होती.

दाराच्या आत खोकी वाहणारी एक छोटी बिनड्रायव्हरची गाडी, बाहेर दुसरी. दोघींना याच दारातून जायचं होतं. दोघी एकदमच हातभर पुढे येत, दाराकडे परवानगी मागत. समोरचीनंही मागितलीय म्हटल्यावर दोघी लाजून मागे सरत, थोडं थांबत आणि पुन्हा एकदमच पुढे येत. ही सभ्यता त्यानंच शिकवलेली. पूर्वी गाड्यांची घड्याळं जरा मागेपुढे असायची, मग एखादी आधी घुसायची. कालच यानं सगळी घड्याळं तंतोतंत जुळवली आणि ऑफिसभर मिरवून घेतलं.

"ताई!" तो दाराच्या काचेवर थापा मारत ओरडला. बाहेर उभी असलेली शिफ्टची इनचार्ज म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण.

"मेकॅनिकला तासभर लागेल म्हणे!"

"तासाभरानं मला गोठलेल्या वाटाण्यांबरोबर पाकिटात भरावं लागेल!"

"मग काय करू? बोल ना, शहाण्या!"

"एका गाडीला अडवायचं. समोर माणूस दिसला की ती परवानगी मागतच नाही. दुसरीला दार मिळतं."

"मग मी राहते उभी."

"नको!"

"का? थांबते ना ती?"

तो काचेवरचं बर्फ नखानं खरवडायला लागला.

"अरे, थांबते ना?"

"पुठ्ठ्याच्या माणसासमोर थांबली होती."

"आणि खऱ्या?"

"खरा कोण तयार होणार, ताई?"

बाहेर ताई बाह्या सरसावून गाडीकडे निघाली. ते बघून याचं धाबं दणाणलं. डोळे गच्च मिटून तो स्वतःच आतल्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला. गाडी अंगावर आली... आणि पोटाशी वीतभर अंतर ठेवून थांबली.

मागे दार धाडकन उघडलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: दार मिळालेली दुसरी गाडी आता याच्याच पाठीवर येणार!

"देवा!" तो किंचाळला.

तीही थांबली. बरोबर उंबरठ्यावर. तिच्या खोक्यांवरून सरपटत, शर्ट फाडून घेत, तो बाहेर पडला.

"थांबते की गं!" निळ्या ओठांनी तो म्हणाला.

ताईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, स्वतःचा कोट त्याच्यावर टाकला आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली.