अक्षर उमटेपर्यंत

"मामी, केवढी ही धूळ! एक उशी भरून निघेल यातून."

"मग भर आणि घेऊन जा बायकोला. आणि ती धूळ रस्त्यावरची आहे बरं का. माझ्या घरातली धूळ बसायच्या आधी मला विचारते."

भाचा हसला. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून तो आत टॉर्च मारून बघत होता. मामी कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभी होती. गल्लीत तिला मागून फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

मामा टायपिस्ट. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर हा कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर. अर्ज, करारनामे असलं काम यायचंच, पण खरा मान शाळेच्या प्रश्नपत्रिकांचा. अठरा वर्षं त्या याच खोलीतून टाइप होऊन जात होत्या आणि एकही कधी बाहेर फुटली नव्हती. मामीच्या गळ्यात दागिना नव्हता, हा मान होता.

पण गेली दोन वर्षं काम रेंगाळायला लागलं. विचारलं की मामांचं एकच, "कॉम्प्युटर स्लो आहे." मग दुरुस्त करून घ्या म्हटलं की, "जुनं मशीन आहे, हात लावलास तर आहे तेही जाईल." परवा शाळेच्या बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काकू, शनिवारी पाचपर्यंत शेवटचा पेपर मिळाला नाही, तर पुढच्या परीक्षेपासून काम दुसरीकडे द्यावं लागेल." मामीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरीकडे? आज शनिवार उजाडल्याबरोबर तिने मामांना प्रिंटरची शाई भरून आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं आणि भाच्याला बोलावणं धाडलं. शेजारणींना सांगूनही टाकलं, "संध्याकाळपासून आमचं मशीन वाऱ्यासारखं पळणार."

भाच्याने फुंकर मारायच्या यंत्राने धूळ उडवली. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, शेजारी आणखी एक बसवली. जुनी डिस्क काढून नवी घातली आणि होतं नव्हतं ते सगळं तिच्यावर उतरवलं. मग म्हणाला, "मशीन सुरू होताना अकरा प्रोग्रॅम आपोआप उघडतायत. त्यांनीच निम्मी ताकद खाल्ली."

"न बोलावता पंगतीला बसणारे. हाकल सगळ्यांना."

हाकलता हाकलता तो थांबला. "हे काय? मामी, इथे कुणीतरी भलतंच करून ठेवलंय. कीबोर्डवरची चावी बराच वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटेल. एकच चावी लागोपाठ दोनदा दाबली गेली तर दुसरी मोजायचीच नाही. आणि माऊस तर नुसती गोगलगाय. मुद्दाम कोण करेल असं?"

"तुझे मामा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस, लागलं असेल कुठेतरी बोट. काढून टाक ते."

"मामांना विचारूया का आधी?"

"या घरात विचारायचं कुणाला, ते तुला अजून कळलं नाही का? काढ."

त्याने काढलं. आधी मशीन सुरू व्हायला चहा उकळून गाळून व्हायचा. आता मामी दाराकडे वळायच्या आत पडदा उजळला. मामीने अशा तोऱ्याने मान हलवली, जणू तिनेच ते बनवलं होतं.

तीनच्या सुमाराला मामा आले. चकचकीत डबा पाहून ते दारातच थबकले.

"कुणी उघडला हा?"

"मी उघडायला लावला. आभार नंतर माना. आधी बसा आणि पेपर पुरा करा."

"मी जेवतो आधी. तुम्ही दोघं जरा आत..."

"बाई पाचला येणार आहेत. पेपर काय आभाळातून पडणार आहे? बसा म्हणते ना!"

मामा बसले. माऊसवर हात ठेवला तशी खूण पडद्यावर इकडून तिकडे पळत सुटली. कशीबशी फाइल उघडली. त्यांनी एक चावी दाबली. पडद्यावर 'प' आला. मग आणखी एक, आणखी एक. पाच 'प' रांगेत उभे राहिले. मामा खोडायला गेले, तर काल टाइप केलेल्या दोन ओळीही गेल्या. मामीचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एकाच अक्षराची रांग ओळखायला शाळा कशाला लागते?

"अहो, बोटं आहेत की..." ती म्हणाली, आणि तोंडातलं तोंडातच राहिलं.

मामांचा उजवा हात उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा थडथडत होता. त्यांनी त्यावर डावा हात दाबून धरला. तोही थोडा हलू लागला.

चहा अर्धाच दे, असं ते किती दिवस म्हणत होते! 'अर्ध्या चहात काय बंगला बांधणार आहात?' असं ती चारचौघांत म्हणाली होती. शर्टाची बटणं ते दार लावून घालायचे. ती आली की वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवायचे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं."

"डॉक्टर?"

"जाऊन आलो. गोळ्या कोऱ्या कागदांच्या खोक्यात आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीत."

मामा पडद्याकडे बघत राहिले. "तू सगळ्या गल्लीला सांगतेस ना, आमच्या ह्यांचा हात म्हणजे छापखाना."

मामी भाच्याकडे वळली. "ती गोगलगाय परत आण. होती तश्शी."

भाच्याने सगळं पूर्वीसारखं केलं.

पाचला बाई आल्या. "काय काकू, वाऱ्यासारखं पळतंय म्हणे मशीन?"

मामी दारात आडवी उभी राहिली. तिच्या मागचं टेबल दिसत नव्हतं.

"कसलं वारं आणि कसलं काय! या शहाण्याने खोललं आणि होतं तेही घालवलं. आता पहिल्यापेक्षा हळू झालंय."

शाळेतले कॉम्प्युटरही भाचाच दुरुस्त करायचा. त्याने एकदा मामीकडे पाहिलं, मग पायातल्या चपलेकडे.

"हो बाई," तो म्हणाला. "माझ्याच हातून बिघडलं."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग काकू, पुढच्या परीक्षेचं..."

"द्या दुसरीकडे," मामी म्हणाली. "मशीनच थकलं, त्याला कोण काय करणार? पण आजचा पेपर इथूनच जाईल. सात वाजता या."

बाई गेल्या. पाठोपाठ भाचाही पिशवी उचलून गेला. मामी आत जाऊन चहा घेऊन आली. दोन कप, दोन्ही अर्धे. एक मामांच्या डाव्या हाताशी ठेवला, एक स्वतः घेतला आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

मामांनी एक चावी दाबली आणि दाबून धरली. बऱ्याच वेळाने अक्षर उमटलं. त्यांनी बोट उचललं, पुढची चावी शोधली.

जन्मात कुणासाठी न थांबलेली मामी पुढच्या अक्षराची वाट बघत बसली.