शुक्रवारची कॅसेट

मस्कतला मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात फिटर होतो. तिथं नळ सोडला की पाणी, बंद करायचंही कुणाच्या लक्षात राहत नसे. आणि चार वर्षांनी पहिल्यांदा रजेवर आलो, तर लातुरातल्या भाड्याच्या खोलीत मला अंघोळीला पाच तांबे मोजून मिळाले. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

पण खरं डोकं फिरलं ते मित्रामुळं. संघमित्रा, माझी लेक. मी गेलो तेव्हा चांगुणाला पाचवा महिना होता. लेक पावणेचार वर्षांची झाली आणि मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते दारात, आईचा पदर धरून उभी असलेली.

"मित्रा, बाबा आले बघ," चांगुणा म्हणाली.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग आत पळाली आणि फळीवरच्या टेपरेकॉर्डरकडं बोट दाखवून म्हणाली, "बाबा त्याच्यात हायत."

सगळे हसले. घरमालकीण गुरम्मामावशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. पहिल्या दिवशी हसायला काय जातंय?

त्याचं असं होतं. मला पत्र लिहायचा भारी कंटाळा, म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी कॅसेट भरायचो. तिथली आमची खोली आठ जणांची. बाकीचे सात जण पलंगावर बसून कान देऊन ऐकणार. अशात बायकापोरांशी मनातलं काय बोलणार, कपाळ? मग मी घसा खाकरून रेडिओवरच्या बातम्यांसारखी सुरुवात करायचो. "मी येथे खुशाल आहे. बाळ संघमित्रा, तू कशी आहेस? आईला त्रास देऊ नकोस. मी लवकरच येईन." आवाज कसा, लोण्यासारखा. मुकादमाच्या शिव्या, उन्हानं सोललेली पाठ, रोजचा तोच पातळ डाळभात, कंपनीनं दोनदा रद्द केलेली रजा, यातलं एक अक्षर मी कधी त्या कॅसेटीत येऊ दिलं नाही. घरच्यांना कशाला घोर लावायचा?

रजा चोवीस दिवसांची होती. मी मनाशी एकच ठरवलं होतं. लेकीनं मला एकदा तरी बाबा म्हणावं. बाकी काही नको.

पण त्या चोवीस दिवसांत मला शांत बसू दिलं कुणी? टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. हॉर्न वाजला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची, आणि मी नंबरावरून भांडायचो. चार वर्षं परक्या देशात तोंड दाबून काढली होती, ती सगळी वाफ इथं बाहेर पडत होती. चांगुणा नव्यानं झालेल्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत कारकून, नांदेडहून बदलून आलेली. तिच्या रेशनकार्डावर माझं नाव नव्हतं, म्हणून ते चढवायला गेलो. तिथला माणूस कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "तुमचं नाव नांदेड जिल्ह्यात हाय. तिकडून कमी केल्याचा दाखला आना."

"मग सध्या मी कोन्या जिल्ह्यात हाय?"

"दाखल्याबिगर कोन्याच न्हाई."

काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाखल्यासाठी मित्राला आणि चांगुणाला घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या माझ्या गावी, लोह्याला आईकडं गेलो. तिथं मित्रा आजीच्या मांडीवर जाऊन बसली, आणि मी जवळ गेलो की तोंड फिरवायची. आई, सरजाबाई, म्हणाली, "लिंबाजी, लेकराशी हळू बोलावं रं. तू लई जोरात बोलून राहिलास."

"मी कुठं जोरात बोलून राहिलो?" मी ओरडलो. मित्रानं आजीच्या पदरात डोकं घातलं.

दाखला घेऊन लातूरला परतलो, कचेरीत गेलो, तर साहेब दौऱ्यावर. भर दुपारी तापून घरी आलो. दारातून कुणी आलं की आधी पाणी द्यायचं, हे मित्राला आईनं शिकवलं होतं. ती दोन्ही हातांत भरलेला तांब्या धरून, जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल टाकत माझ्याकडं आली. आपण होऊन माझ्याकडं येत होती, तेही पहिल्यांदाच. उंबऱ्याला ठेच लागली आणि सगळं पाणी माझ्या पायांवर सांडलं.

"डोळे फुटले का? पाणी काय फुकट आलंय?" माझ्या तोंडून गेलंच.

ती रडली नाही. आत गेली आणि तिनं टेपचं बटण दाबलं. "बाळ संघमित्रा, तू कशी आहेस?" माझाच आवाज. ती त्या डब्याला गाल लावून बसली.

माझा असा जळफळाट झाला की कॅसेट काढून फेकायला हात उचलला. चांगुणा आडवी आली.

"टाका की फेकून. मग तिला बाप कोनता ऱ्हाईल?"

मी हात खाली घेतला. उरलेले दिवस मी तोंडाला कुलूप लावून बसलो, पण वेळ निघून गेली होती.

रजा संपली. मुंबईकडं जायला मनमाडची गाडी नांदेडहून होती. दोघी मला पोचवायला आल्या. आणि काय सांगू, मित्रा त्या दिवशी खुशीत होती. माझ्या पिशवीचा बंद धरून स्टेशनभर माझ्याबरोबर चालली. मी खिडकीत बसल्यावर आईच्या कडेवरून तिनं विचारलं, "चाललात?"

"चाललो."

"खरंच?"

"हाव, खरंच."

ती हसली. माझ्याकडं बघून हसली! फलाट संपेपर्यंत हात हलवत होती. डब्यातल्या परक्या माणसांसमोर मी रडलो. पुढच्या खेपेला नक्की बाबा म्हणेल, असं वाटलं. मस्कतला पोचेपर्यंत मी हवेत होतो.

दीड महिन्यानं चांगुणाची कॅसेट आली. खोलीतले सगळे बाजारात गेल्यावर लावली. चांगुणा सांगत होती की पाऊस अजून नाही, रेशनकार्डावर माझं नाव एकदाचं चढलं. तेवढ्यात टँकरचा हॉर्न. "मित्रा, हात लावू नको, आलेच मी." घागरींचा आवाज दूर गेला. टेप चालूच. मग अगदी जवळ श्वास ऐकू आला.

"बाबा," ती कुजबुजली. "ते वरडनारे पाव्हने गेले. मी अन् आईनं त्येंला गाडीत बसवलं. आता तुमी या. भिऊ नका."

पुढच्या शुक्रवारी कॅसेट भरायला बसलो. सातही जण आपापल्या पलंगावर होते. तो पाहुणा मीच होतो, हे सांगायचं ठरवून बसलो होतो. बटण दाबलं, घसा खाकरला.

"मी येथे खुशाल आहे. बाळ संघमित्रा, मी लवकरच येईन. ते पाहुणे पुन्हा आले, तर त्यांना तांब्याभर पाणी दे. ते वाईट नाहीत."