दाबून ठेवलेला निरोप

मी आरएनएचा एक आखूड तुकडा बोलतोय. राहायला कॉलऱ्याच्या जंतूच्या आत. जंतूच तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, तिथं मी कुठून दिसणार! हे साल २००६. माझी ओळख पटून दोनच वर्षं झाली आहेत, आणि ओळख पटावी असं काही भलं माझ्या हातून घडलेलंही नाही.

आमचं आयुष्य घटकाभराचं. एक विरला की त्याच साच्यातला दुसरा उभा राहतो. म्हणून माझ्या एकट्याच्या तोंडून सगळ्यांची कहाणी ऐका.

जंतूनं काय करायचं ते त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं. जनुकातून निरोप निघतो, निरोपावरून प्रथिन बनतं आणि ते कामाला लागतं. त्यातल्या एका निरोपाचं तोंड मी दाबून धरतो. एचएफक्यू नावाचं कडीसारखं गोल प्रथिन आहे, ते मला त्याच्यापाशी नेऊन चिकटवतं. तो निरोप मोकळा राहिला असता तर जंतूच्या विषाला आवर घालणारं प्रथिन बनलं असतं. म्हणजे बघा, विष काही मी केलं नाही, फक्त विष थांबवणाऱ्याला बोलू दिलं नाही. जन्मभर मी मनाची अशीच समजूत घालत आलो आणि आता त्याचाही कंटाळा आला आहे.

जंतू थोडे असतात तोवर मला बनवत राहतात. प्रत्येक जंतू बाहेर एक रसायन सोडतो. गर्दी झाली, रसायन दाटलं, की त्यांना कळतं, आपण पुष्कळ झालो. मग मला बनवणं बंद होतं, निरोप सुटतो, विष आटतं आणि जंतू बाहेरची वाट धरतात. पण तोवर माणसाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

भिवंडीजवळच्या खारबाव गावाच्या अलीकडं खाडीत, बारीक किड्यांच्या कवचावर आमचं बरं चाललं होतं. मे महिन्यात लडकू नावाच्या मासेमारानं खाडीतून कोळंबी काढली आणि आम्हीही तिच्यासोबत निघालो. त्याच्या बहिणीच्या, मैनाच्या मुलीचं लग्न होतं. कोळंबीचा टब बर्फाच्या लाद्यांनी भरून तो मैनाच्या घरी आला.

भावकी मांडव घालत होती. ऊन मी म्हणत होतं आणि ड्रममधलं पाणी कढत झालेलं. लडकूनं टबातली एक लादी उचलली, खळखळून धुतली आणि ड्रममध्ये सोडली. धुतला म्हणजे बर्फ स्वच्छ झाला, असं त्या भाबड्याला वाटलं. आम्ही लादीच्या भेगेत होतो. मैना सकाळपासून उपाशी राबत होती. तिनं उभ्याउभ्या तीन ग्लास रिचवले. तिच्या पोटातल्या आम्लात आमचे बहुतेक जंतू मेले. थोडेच उरले, आणि थोडे उरले की माझी ड्युटी सुरू.

दुसऱ्या दिवशी हळद होती. उजाडता उजाडता मैनाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले. पाणी दिलं तर जुलाब वाढतील, म्हणून घरातल्या बायकांनी तिचं पाणीच तोडलं. दोन तासांत तिचे डोळे खोल गेले.

आरोग्य उपकेंद्रातली दिपाली सिस्टर आली. तिनं आधी बायकांना झापलं, मग मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं सुरू केलं आणि मांडवाच्या खांबाला सलाईन टांगलं.

"काल पाणी कुठलं प्यायल्या?"

"आमच्या घरचंच," मैनाचा नवरा केसरीनाथ म्हणाला. "उन्हाचं लागलं हाय तिला, सिस्टर."

लडकू बोलायला पुढं झाला. केसरीनाथनं त्याला घरामागं ओढलं. "मासळीचा बर्फ पाजला म्हनून कळलं तं चार गावांत नाक कापलं जाईल. सोयरीक मोडंल. त्वांड उघडू नको."

मी हादरलोच. हे तर माझंच काम! माणसालाही कुणी हे शिकवलं होतं?

मैनाची नाडी सिस्टरच्या बोटांना सापडेना. अंगणात मासळीच्या बर्फाच्या आणखी लाद्या गोणपाटाखाली ठेवलेल्या होत्या. संध्याकाळी सातशे माणूस जेवायला येणार होतं आणि त्यांच्यासाठी तोच ड्रम पुन्हा भरत होता.

लडकूनं तो पाण्याचा आवाज ऐकला आणि त्याचा बांध फुटला. "सिस्टर, मीच टाकला! मासळीचा बर्फ, त्या ड्रमात! सगल्यांनीच प्यायलंय. माज्या बहिनीला वाचवा वो!"

सिस्टर ताडकन उठली. "गाडी काढा! आणि तो ड्रम ओता आधी!"

केसरीनाथ लडकूवर धावून जाईल असं वाटलं होतं. पण तो ड्रमपाशी गेला आणि दोन्ही हातांनी त्यानं तो आडवा केला. गाडी मैनाला घेऊन भिवंडीला गेली. मांडवात राबलेल्या प्रत्येकाच्या घरी सिस्टर जाऊन आली. आणखी पाचजण आजारी निघाले, पण वेळेवर सापडले.

मैनाच्या जुलाबांबरोबर बाहेर पडून मी मोरीतल्या बादलीत मागं राहिलो. इथं जंतूंची दाटी आहे. रसायन दाटलंय. मला बनवणं थांबलंय आणि माझी भावंडं एकेक करून विरली आहेत.

दिवेलागणीला लडकू आला. हातात ब्लीचिंग पावडरची पिशवी, कानाला मोबाइल. पलीकडून मैनाचा आवाज येत होता, चिरका, पण तिचाच. "लडकू, पोरीला हळद लावा रं. माज्यासाठी थांबू नका." तो तिथंच मोरीच्या कडेवर बसून ढसाढसा रडला.

आता तो पिशवी फोडतोय. जाताना एकच मागणं आहे, माझं काम तुम्ही उचलू नका.

माझी पकड सुटली. जन्मभर ज्याचं तोंड दाबून धरलं, तो निरोप आज मी पहिल्यांदा ऐकतोय. त्यात एवढंच आहे, "पुरे."