सहीची नोट

मी स्पेनमधली एका पेसेटाची जुनी नोट आहे. मित्रांनो, मला घेऊन कोणी पाव आणायला जाऊ नका. मी चालत होते तेव्हाही पाववाला तोंड वाकडं करूनच पाव द्यायचा.

माझा जन्म आरागॉन प्रांतातल्या वाल्देसिएर्सो या गावचा. देशात आपापसात युद्ध पेटलं होतं आणि चांदीची नाणी लोकांनी गाद्यांत शिवून टाकली होती. सुटे पैसे मिळेनात, म्हणून ग्रामपंचायतीने स्वतःच्याच नोटा काढायचं ठरवलं. शेजारच्या गावात लग्नपत्रिका आणि तेलाच्या बाटल्यांची लेबलं छापणारा एक छापखाना होता. तिथे आम्ही छापल्या गेलो. माझ्यावर ऑलिव्हचं एक झाड आहे. नीट पाहिलंत तर ते फुलकोबीसारखं दिसतं. त्यात माझा काही दोष नाही.

नुसती छापून नोट खरी होत नाही. तिच्यावर सरपंचाची सही लागते आणि खजिनदाराची लागते. सरपंच हुशार होता. त्याने रबरी शिक्का करून घेतला आणि धडाधड मारत सुटला. खजिनदार होता ग्रेगोरियो रोयो. धंदा खोगिरं शिवायचा. लिहायला शिकला तो लग्नाच्या वयात, रात्रीच्या वर्गात बसून. त्यामुळे सही हा त्याच्या घरातला सगळ्यात महागडा दागिना होता. नाव लिहून झालं की त्याखाली तो चाबूक उडवल्यासारखे तीन फास टाकायचा आणि शेवटी असा ठिपका द्यायचा, की कागदाच्या मागल्या बाजूला टेंगूळ उठावं.

"अरे ग्रेगोरियो, सही करतोयस की खोगीर शिवतोयस?" सरपंच म्हणायचा. "संध्याकाळ झाली. घे की एक शिक्का करून."

"शिक्का काय, उंदीरसुद्धा मारेल," ग्रेगोरियो मान वर न करता म्हणायचा. "सही माणसाने करायची असते."

त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला होता! नवी कोरी नोट होते, अक्कल कुठून असणार?

मी पहिल्यांदा गेले ती सिप्रियानो भटारवाल्याच्या गल्ल्यात. त्याने मला दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. "यात पाव गुंडाळून देईन," तो म्हणाला, "पण याच्यावर पाव देणार नाही."

"मग पंचायतीचं पीठही घेऊ नकोस," पाव घ्यायला आलेला ग्रेगोरियो म्हणाला. भट्टीवरच्या बायका फिदीफिदी हसल्या. सिप्रियानोने पाव दिला, पण ते हसणं त्याने मनात मांडून ठेवलं. काही माणसं उधारी विसरतात, हसणं विसरत नाहीत.

पुढे दुसऱ्या बाजूचं सैन्य गावात शिरलं. दवंडी पिटली की आधीच्या बाजूचे सगळे कागद, नोटासुद्धा, रद्द. ज्याच्या घरात ते सापडतील त्याची चौकशी होईल. लोक पदराखालून, टोपीखालून माझ्या भावंडांना घेऊन निघाले, आणि जाळायला गेले कुठे? सिप्रियानोच्याच भट्टीत. त्याने सगळ्यांना धीर दिला, भट्टीचं दार स्वतः उघडलं आणि तेवढ्यात मला हळूच बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्याच्या टेबलावर होते.

"या कागदावर मला पाव द्यायला लावला, साहेब," सिप्रियानो म्हणाला. "सही बघा ना, किती ऐटीत केलीय."

सरपंचाला विचारलं तेव्हा त्याने खांदे उडवले. "शिक्का टेबलावर पडलेला असायचा, साहेब. कोणीही मारला असेल." ते कोणाला खोटं पाडता येईना. त्याला तुरुंग झाला आणि काही वर्षांनी तो सुटलाही.

ग्रेगोरियोपुढे कोरा कागद ठेवला. "कर सही."

मित्रांनो, त्याने नुसतं वेडंवाकडं खरडलं असतं तरी चाललं असतं. अडाणी आहे, येत नाही, असं म्हणता आलं असतं. पण त्याच्या हाताला दुसरी सही येतच नव्हती. नाव झालं, तीन फास पडले, ठिपका बसला. अधिकाऱ्याने तो कागद माझ्याशेजारी ठेवला आणि एवढंच म्हणाला, "छान."

सकाळी त्याला स्मशानाच्या भिंतीकडे नेलं. कुठे पुरला ते आजवर कोणाला ठाऊक नाही. भीतीपोटी बायकोने त्याच्या हातचं अक्षर असलेला प्रत्येक कागद चुलीत घातला. पाळण्यातल्या मुलीला, कासिल्दाला, बाप म्हणून एक वर्णन तेवढं उरलं: तीन फास आणि एक ठिपका.

काम झाल्यावर अधिकाऱ्याने मला टेबलावरून खाली लोटलं. सिप्रियानोने उचललं. पैसा टाकून द्यायची त्याला सवयच नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, दोन पुठ्ठ्यांमध्ये, त्याने मला इतकं व्यवस्थित ठेवलं की मला ना घडी पडली, ना डाग.

तिथून माझा भाव चढू लागला.

सिप्रियानो मेला, त्याचा मुलगाही गेला, आणि नातू फेर्मिनने एका रविवारी मला माद्रिदच्या मोठ्या चौकात आणलं. तिथे कमानींखाली जुनी नाणी, नोटा, तिकिटं विकणारे बसतात. एवारिस्तो नावाच्या दुकानदाराने भिंग लावून मला उलटंपालटं केलं.

"धुतलेली नाही, इस्त्री फिरवलेली नाही. वा! कोणी ठेवली?"

"आजोबांनी. फार हळवे होते हो," फेर्मिन म्हणाला.

"आणि बरं झालं बाकीच्यांनी जाळल्या. सगळ्यांनी जपल्या असत्या तर हिला कुत्रंही हुंगलं नसतं."

साठ युरो घेऊन फेर्मिन कोपऱ्यावर तळलेले माकूळ मासे भरलेला पाव खायला गेला. एवारिस्तोने मला प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि चिठ्ठी लावली: दोनशे चाळीस.

त्याच दुपारी एक म्हातारी नातीचा हात धरून आली. माद्रिदला नातीकडे आली की दर वेळी ती या कमानींखाली वाल्देसिएर्सोची नोट आहे का विचारत फिरायची. तिने मला पाहिलं आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"एका पेसेटाचे दोनशे चाळीस?" इरेने नावाची ती नात ओरडली.

"पेसेटाचे नाहीत, ताई, सहीचे. दुसऱ्या गावची, नुसत्या शिक्क्याची विसाला देतो."

"आजी, मोबाईलवर फोटो काढते ना! फुकटात."

"फोटोला मागून टेंगूळ असतं का?" म्हातारी म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून, आवाज स्थिर ठेवत म्हणाली, "ही माझ्या वडिलांची सही आहे. याच सहीपायी गोळी घातली त्यांना."

एवारिस्तोने भिंग खाली ठेवलं. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस मला तशीच देऊन टाकणार.

"असं लिहून द्याल?" त्याने विचारलं. "म्हणजे हिची किंमत तीनशेच्या पुढे जाईल."

"लाज नाही वाटत?" इरेने कडाडली.

"वाटते ना, ताई. म्हणून तर चिठ्ठीवर आहे तेवढेच घेतोय. पाकीट फुकट."

कासिल्दाने पर्स उघडली.

"आजी, ते दातांचे पैसे आहेत!"

"सूप पिईन," आजी म्हणाली.

तिने पाकीट फाडलं, माझ्या चार घड्या केल्या आणि मला पोलक्यात खोचलं. एवारिस्तो अक्षरशः किंचाळला. "आजीबाई! अर्धी किंमत गेली!" तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

आता मी तिच्या उशीखाली असते. रोज ती मला उलगडते, बोट ओलं करते आणि बापाच्या सहीवरून फिरवते. पहिला फास पुसून गेला आहे, दुसरा जातो आहे. इरेने म्हणते, "आजी, पुरे, सही जाईल." आजी म्हणते, "मग कोणासाठी ठेवू? तू तर फोटो काढणार होतीस."

माझी किंमत आता वीस युरोही येणार नाही. मला दाखवून ज्याने ग्रेगोरियोला मारवलं त्याच्या नातवाला साठ मिळाले, मधल्याला एकशे ऐंशी सुटले, आणि जिचा बाप गेला तिने सगळे भरले. हिशोब मी अनेकदा करून पाहिला. तो असाच येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू नीट जपा असं तुम्हाला सांगायचा आम्हा जुन्या वस्तूंचा रिवाज आहे. पण मला सगळ्यात नीट सिप्रियानोने जपलं होतं. तेव्हा मी दुसरंच मागते. जपायचंच असेल तर सही करणारी माणसं जपा. कागद कसाही टिकतो.