बिनमुळाची झाडं

“धुळाजी, कुऱ्हाड आणली का?” सुपरवायझर सोमेश्वरने मोटारसायकल बंदही न करता विचारलं. “उद्या साहेब झाडं मोजायला येऊन राह्यले. त्या लिंबाच्या फांद्या तोड आन् रिकाम्या आळ्यांत खोव. पाचशे दिसली पायजेत.”

“आन् मुळं?”

“मुळं कोण उकरून बघतंय! जल्म गेला तुझा शेळ्यांना डहाळ्या तोडण्यात. चल, जल्दी कर.”

शहागडच्या अलीकडे रस्ता रुंद करताना दुतर्फाचे जुने लिंब आडवे झाले होते. त्यांच्या बदल्यात पाचशे रोपं लावून जगवू, असं ठेकेदार कंपनीने सरकारला लिहून दिलं आणि पाणी घालायला धुळाजीला ठेवलं. टँकर मात्र फेब्रुवारीत पुलाच्या काँक्रीटवर पाणी मारायला गेला तो गेलाच. मागून मागून धुळाजीची जीभ झिजली. शेवटी त्याने कालव्यावरून घागरी वाहिल्या, एकेचाळीस रोपं जगवली आणि प्रत्येकाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बाकीची मे महिन्याने भाजून काढली.

वळणावरचा एकच जुना लिंब तेवढा आडवा येत नव्हता म्हणून वाचला होता. डहाळी घ्यावी, शेंडा राखावा, ही धुळाजीच्या बापाची शिकवण.

“शेंड्याला मी हात लावणार न्हाई,” तो म्हणाला.

सोमेश्वरने दुसरे दोन मजूर झाडावर चढवले. दुपारपर्यंत लिंब बोडका झाला. फांद्या खोवायचं काम धुळाजीच्या वाट्याला आलं आणि त्याने ते मुकाट्याने केलं. पोटासाठी माणूस काय काय करतो! प्रत्येक फांदीभोवती माती दाबताना त्याला स्वतःचीच शिसारी येत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब थंडगार गाडीतून उतरले, ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “वा! एकदम हिरवंगार!”

धुळाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नालीपलीकडे त्याची बायको शेळ्या घेऊन उभी होती. तो ओरडला, “इंद्रायणे, सोड त्या शेळ्या!”

शेळ्या धावल्या. काट्यांतल्या रोपांना त्यांनी तोंड लावलं नाही. बाकीच्या आळ्यांतली फांदी न् फांदी त्यांच्या तोंडाबरोबर उपसून आली. धुळाजीने एक उचलून साहेबांपुढे धरली.

“बघा साहेब, मूळ हाय का ह्याला? टँकर पुलावर पळवला ह्यांनी! तीन महिने बोंबलून राह्यलो मी!”

साहेबांनी फांदी हातात घेतली. कुऱ्हाडीचा तिरपा घाव पाहिला. सोमेश्वरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, “लिहा. चारशे एकोणसाठ झाडं मोकाट शेळ्यांनी खाल्ली. कंपनीची देखभाल समाधानकारक.”

गाडीच्या काचा वर गेल्या.

“उद्यापासून तोंड दाखवू नको,” सोमेश्वर म्हणाला.

सकाळी धुळाजीने पुन्हा घागर उचलली. इंद्रायणी दारात आडवी आली. “अवो, काढलं ना तुमाला कामावरून?”

“मला काढलंय. त्यांची तहान कुठं गेली?”

तिने दुसरी घागर कमरेवर घेतली.

कालव्यावरून येताना वळण लागलं. एकेचाळीस रोपं अजून पुढे होती. धुळाजी थांबला आणि पहिली घागर त्याने बोडक्या लिंबाच्या बुडाशी ओतली.